नऊ नंबरचं विमान

इम्तियाजभाई आठ दिवस गप्प होते.

ज्यांनी इम्तियाजभाईंना पाहिलेलं नाही त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, राहिला आठ दिवस गप्प, तर बिघडलं कुठं? पण मोमीनपुऱ्यात जाऊन विचारा. तिथं टपरीवर हसण्याचा गलका झाला की लोक घरात बसून सांगायचे, इम्तियाजभाई चहाला पोचले. दूध आणायला गेले की तासाभरानं परत. साधं 'किती वाजले' म्हणून विचारलं, तर आधी हे मनगटावरचं घड्याळ कुणी दिलं ते सांगणार, मग पट्टा कुठं तुटला ते, मग तो ज्यानं बदलून दिला त्याची सासुरवाडी कुठली ते. वेळ शेवटी विचारणाराच आपला आपण बघून घ्यायचा.

अशा माणसाच्या तोंडाची टकळी एकाएकी बंद झाली, तेव्हा त्यांची बायको सुगराबी पहिल्या दिवशी खूश झाली. दुसऱ्या दिवशीही बरंच वाटलं तिला. तिसऱ्या दिवशी मात्र तिनं भाजीत मुद्दाम मीठ घातलं नाही. म्हटलं, बघू तरी काही बोलतात का. इम्तियाजभाई जेवले, हात धुतले आणि खिडकीशी जाऊन बसले.

झालं होतं ते असं. मुलीची मुलगी सुहाना लहानपणापासून यांच्याकडेच वाढलेली. आता हिंजवडीत कंपनीत नोकरीला, आणि कॅम्पातल्या शहाबाजशी लग्न ठरलेलं. मागच्या शनिवारी शहाबाज आईवडिलांना घेऊन चहाला आला. माणसं चांगली, ऐकून घेणारी. ऐकून घेणारं माणूस समोर आलं की इम्तियाजभाईंना राहवायचं नाही. त्यांनी विमानांची गोष्ट काढली.

विमानांची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. तरुणपणी बुधवार पेठेतल्या दुकानात बसून इम्तियाजभाईंनी म्हणे फौजेसाठी विमानं केली होती. लाकडाची. इथवर ठीक. पण गोष्ट दरवर्षी फुगायची. सुहाना पहिलीत होती तेव्हा विमानं शंभर होती. दहावीला गेली तोवर दोनशे झाली. परवा शहाबाजच्या वडिलांसमोर ती चारशे झाली, शिवाय एक जनरल स्वतः जीप घेऊन बुधवार पेठेत आला, गल्लीत जीप शिरेना म्हणून तो चालत आला, आणि त्यानं दुकानाच्या फळीवर बसून भजी खाल्ली.

शहाबाजचे वडील कौतुकानं म्हणाले, "मग एखादं असेल ना घरी? बघू तरी."

"छे हो! एक तुकडासुद्धा ठेवायची परवानगी नव्हती. नकाशेदेखील परत."

सुहाना चहाचे कप उचलत होती. ती हसत म्हणाली, "अंकल, नानांच्या गोष्टी असतात हो त्या. मनावर घेऊ नका. लाटणी करायचे ते."

सगळे हसले. सुगराबी हसली. इम्तियाजभाईही हसले. पाहुणे जाईपर्यंत हसत राहिले आणि मग त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. रागावले म्हणावं तर रागावले नव्हते. सुहानाच्या डब्याला स्वतःच्या हातानं रबर लावून देत होते. पण ज्या पोरीला मांडीवर घेऊन सगळ्या गोष्टी सांगितल्या, तिनंच सगळ्यांवर एकदम पाणी ओतलं होतं. आता सांगायचं कुणाला आणि कशासाठी?

आणि गंमत बघा, विमानं खरी होती.

इम्तियाजभाईंचं घराणं खरादीकामाचं. खरादावर लाकूड फिरवायचं आणि पटाशीनं त्याला आकार द्यायचा. लाटणी, भोवरे, पाळण्याचे खांब, बुद्धिबळाचे मोहरे. दुकान एवढंसं, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं श्वास रोखून धरायचा. हळदूच्या लाकडाचा पिवळा भुसा सगळीकडे, लाखेचा वास, आणि मागं माळ्यावर जायला शिडी. वडील गेल्यावर सातवी पास इम्तियाज गादीवर बसला आणि त्यानं स्वतःचा म्हणून एक माल काढला, चिमणाळी. बाळाच्या पाळण्यावर टांगायची, दोऱ्यांना लाकडी राघू-मैना लटकवलेली.

साल अठ्ठ्याहत्तर. एक दुपार. खाकीतला एक माणूस सायकल भिंतीला टेकवून आत आला. सुभेदार भापकर, राहणार पुरंदरकडचे, पलटण खडकीत. घरी मुलगी झाली म्हणून चिमणाळं न्यायला आले होते. त्यांनी ते हातात घेतलं, उंच धरलं आणि मान वर करून खालून बघत राहिले. बराच वेळ.

"ह्ये राघू खालनं बी राघूच दिसत्यात," ते म्हणाले.

"मग काय दिसायला हवेत?"

"बाकीच्या दुकानातले बाजूनं राघू हायेत. खालनं बघितलं की वांगं."

"बाळ उताणंच असतं ना, सुभेदारसाहेब. त्याला खालचंच दिसणार. आम्ही पोट आधी करतो, पाठ मग."

भापकरांनी फळीवर अशी थाप मारली की दोन भोवरे खाली पडले. म्हणाले, "गड्या, दोन वर्षं झाली तुला शोधतोय."

मग शिडीखाली बसून त्यांनी हळू आवाजात समजावलं. विमानं पाडायच्या तोफेवर जी पोरं असतात, त्यांना तोफ चालवायला महिन्यात येते. पण ती कुणावर चालवायची आणि कुणावर नाही, हे डोळ्यांना शिकवावं लागतं. विमान येतं, तीन सेकंद दिसतं, तेही पोटाकडून. तेवढ्यात ओळखायचं, आपलं का परकं. चित्रं दाखवून हे येत नाही. चित्र चपटं असतं, विमान वळतं. तेव्हा लाकडाची विमानं हवीत, वितीएवढी, काळी कुळकुळीत, दोऱ्यानं छताला टांगायला.

"म्हणजे चिमणाळंच की!" इम्तियाज म्हणाला.

"चिमणाळंच. फकस्त बाळांना मिशा हायेत."

तीन वर्षं ते काम चाललं. भापकर पत्र्याच्या नळकांड्यातून नकाशा आणायचे. इम्तियाज माळ्यावर चढून शिडी वर ओढून घ्यायचा. बिघडलेला तुकडासुद्धा मोजून परत. नुकतीच लग्न होऊन आलेली सुगराबी दुपारचा डबा घेऊन यायची, तो दोरीनं वर जायचा आणि रिकामा होऊन खाली यायचा. म्हणून तर ती सगळ्यांना सांगायची, "तीन वर्षं विमानं केली म्हणतात. मला पोळपाटाशिवाय काही दिसलं नाही बाई."

आणि विमानांना नावं नव्हती, नुसते नंबर. एक ते चौदा. इम्तियाजनं एकदा विचारलं, निदान नाव तरी सांगा. भापकर म्हणाले, "तुला नाव सांगितलं तर सांजच्याला दगडूशेठपातूर समद्यांना ठावं हुईल. नंबरावर भागव."

एकदाच भापकर त्याला खडकीला घेऊन गेले. लांबलचक पत्र्याची शेड. छताला चौदा विमानं टांगलेली, वाऱ्यानं हळूहळू फिरणारी. खाली घोंगड्या अंथरून चाळीस पोरं उताणी झोपलेली, डोळे वर लावून. भापकर शिट्टी मारायचे, काठीनं एकाला हलवायचे आणि चाळीस आवाज एकदम उठायचे. इम्तियाज दारात उभा होता. त्याच्या हातच्या वस्तूकडं एवढी माणसं एवढं जीव लावून बघताहेत, असं पुन्हा त्याला कधी बघायला मिळालं नाही. एक्याऐंशी साली भापकरांची बदली झाली. एक पोस्टकार्ड आलं तिकडून आसामातून, मुलगी चालायला लागल्याचं. मग काही नाही. फौजेत पुढं चित्रफिती आल्या, लाकडी विमानं कुठं गेली कुणास ठाऊक.

तर आठव्या दिवशी, शनिवारी, सुगराबीनं सुहानाला स्वयंपाकघरात गाठलं.

"रेसकोर्सवर फौजेचं प्रदर्शन लागलंय. तोफा आहेत, रणगाडे आहेत. उद्या नानांना घेऊन जा."

"नानी, उद्या एकच तर सुट्टी असते माझी."

"तू बंद पाडलंस, तूच चालू कर. मला घर खायला उठलंय."

सुहाना निमूट तयार झाली. तिलाही आठ दिवस काहीतरी टोचतच होतं.

रविवारी सकाळी रेसकोर्सच्या मैदानावर निम्मं पुणं लोटलेलं. जानेवारीची थंडी, स्वेटर घातलेली पोरं, लाउडस्पीकरवर देशभक्तीची गाणी. रणगाड्यावर चढून फोटो काढायला ही रांग. एक आजी बंदूक हातात घेऊन "जड आहे हो" म्हणत होत्या आणि त्यांचे यजमान "लाटणं पेलतं ते" म्हणत होते. सुहाना एकेक दाखवत होती आणि इम्तियाजभाई माना डोलावत होते. शब्द नाही.

हवाई संरक्षणाचा विभाग मैदानाच्या टोकाला होता. जाळीच्या सावलीत एक लांब नळीची तोफ, तिच्या बाजूला गोल फिरणारं रडार, खांद्यावर ठेवून डागायचं क्षेपणास्त्र आणि ड्रोनला आंधळं करणारी, रंगपंचमीच्या पिचकारीसारखी दिसणारी एक बंदूक. सूरज नावाचा तरुण नायक समजावून सांगत होता. साताऱ्याकडचा पोरगा, आवाज खणखणीत.

"ही तोफ जुनी आहे, पण आता हिला कॅमेरा बसवलाय, संगणक जोडलाय. लक्ष्य दिसलं की तोफ आपोआप तिकडं वळते."

सगळे तोफेकडं बघत होते. इम्तियाजभाई वर आकाशाकडं बघत होते. आणि नवव्या दिवशी त्यांचं तोंड उघडलं.

"पण वर बघतं कोण?"

"रडार बघतं, आजोबा."

"आणि रडार बंद असलं तर?"

सूरज हसला. "मग आम्ही बघतो. डोळ्यांनी. ते अजून शिकावंच लागतं. तिकडं या, खेळच ठेवलाय आम्ही त्याचा."

शेजारच्या तंबूत मोठा पडदा होता. पडद्यावर विमानाची काळी सावली तीन सेकंद उमटायची आणि पुसली जायची. नाव ओळखायचं. दहापैकी सहा बरोबर आले तर टोपी बक्षीस. जुनी-नवी, आपली-परकी, सगळी विमानं मिसळलेली. पोरं धडाधड नावं घेत होती, निम्मी चुकत होती.

इम्तियाजभाई पडद्यासमोर उभे राहिले ते पायांना मुळं फुटल्यासारखे. सुहाना दंड धरून ओढत होती, पण ते हलेनात.

"खेळायचं का, आजोबा?" सूरजनं विचारलं.

इम्तियाजभाईंनी चष्मा पुसला आणि खुर्चीवर बसले. पहिली सावली आली. गेली.

"पाच," इम्तियाजभाई म्हणाले.

"पाच काय?"

"पाच नंबर."

"हंटर होतं ते, आजोबा. नाव सांगायचं. पुढचं बघा."

दुसरी आली. "अकरा," इम्तियाजभाई म्हणाले. तिसरी. "दोन." आवाजात जराही शंका नाही. मागं रांगेतून एक गृहस्थ म्हणाले, "आजोबा रेशनच्या रांगेतला नंबर सांगताहेत बहुतेक." रांग हसली. पुढं दोन नव्या विमानांना त्यांनी "हे माझ्याकडं नव्हतं" म्हणून हात हलवला, त्यावर रांग आणखी हसली. मग पुन्हा "पाच". मग एक तिकोनी सावली आली. बघितल्याबरोबर इम्तियाजभाईंनी मान वळवली. काहीच बोलले नाहीत. पुढच्या तिन्हींनाही नाहीत.

"दहापैकी शून्य," सूरज मवाळपणे म्हणाला. "पण टोपी घ्या, आजोबा. वयाला सलाम म्हणून."

"शून्याला टोपी नको," इम्तियाजभाई म्हणाले आणि उठले.

सुहानाची कानशिलं तापली होती. आठ दिवसांपूर्वी आपण बोललो ते चारचौघांत खरं ठरलं, आणि ते खरं ठरल्याचा तिला काडीचा आनंद झाला नव्हता. तोफेच्या मागं जाळीच्या सावलीत दारूगोळ्याच्या रिकाम्या लाकडी पेट्या होत्या. तिनं त्यांना एका पेटीवर बसवलं आणि दोन चहा आणले. इम्तियाजभाईंनी सवयीनं पेटीच्या लाकडावरून अंगठा फिरवला.

"नाना," ती म्हणाली, "घरी जायचं का?"

"जाऊ."

पण ती उठली नाही. तिचं काम आकड्यांचं. दिवसभर आकड्यांत काय जुळतं आणि काय जुळत नाही हेच बघायचं. चहाचा घोट घेताघेता तिच्या डोक्यात काहीतरी खटकलं.

"नाना, तुम्ही दोनदा पाच म्हणालात."

"दोनदा आलं म्हणून."

"पहिली सावली सरळ खालून होती. दुसरी वळताना, एक पंख वर केलेली. मला ती दोन वेगळी विमानं वाटली. पण तो सूरज दोन्ही वेळा हंटरच म्हणाला." ती त्यांच्याकडं वळून बसली. "तुम्ही आकडे ठोकून देत नव्हता."

इम्तियाजभाईंनी चहावरची साय बोटानं बाजूला केली.

"आणि त्या तिकोनी विमानाला तोंडच फिरवलंत. का?"

आता इथं खरं तर जुने इम्तियाजभाई असते तर त्यांनी जनरल आणला असता, जीप आणली असती, भजी तळली असती. ऐकणारं माणूस समोर होतं, स्वतःहून विचारत होतं. पण ते चहाच्या कपाकडं बघत बसले. मग म्हणाले, "ते नऊ नंबर."

"मग?"

"त्याला शेपूट नाही."

"म्हणजे?"

"बाकीच्या सगळ्या विमानांना मागं छोटे दोन पंख असतात. शेपटीला. नऊ नंबरला नाहीत. भापकरांनी नकाशा दिला, मी माळ्यावर उघडून बघितला. म्हटलं, पाखराला शेपूट नाही असं कसं होईल? नकाशा काढणारा साहेब विसरला असणार. आता एवढ्या मोठ्या साहेबाची चूक सुभेदाराला दाखवायची, म्हणजे त्या बिचाऱ्याची पंचाईत. म्हटलं, आपणच गुपचूप दुरुस्त करू." त्यांनी कप खाली ठेवला. "मी शेपूट बसवलं. सुबक, देखणं. आठही नगांना."

सुहानाचा हात तोंडावर गेला.

"दीड महिन्यानं भापकर आले. नेहमीसारखे हाक मारत नाहीत, काही नाही. खिशातून नऊ नंबर काढलं, फळीवर ठेवलं. म्हणाले, इम्तियाजभाई, फार सुंदर झालंय. मी म्हणालो, शुक्रिया. ते म्हणाले, म्हणूनच घोळ झालाय. परीक्षेला बाहेरून साहेब आला होता. त्यानं खऱ्या विमानाचे फोटो लावले. शेपूट नसलेलं दुश्मनाचं, शेपूट असलेलं आपलं, दोन्ही तिकोनी. आणि माझ्या शेपटामुळं दोन्हींतला फरकच पुसला गेला, एकवीस पोरांची सगळी गल्लत झाली. एकवीस पोरांनी दुश्मनाचं विमान आपलं म्हणून जाऊ दिलं."

"बाप रे."

"मी तिथंच बसलो खाली. ती पोरं सरहद्दीवर गेली असती तर? आणि चूक झाली असं म्हटलं तर ठीक, पण कुणी आणखी काही म्हटलं असतं तर? माझं नाव इम्तियाज. मी बोललो नाही, पण भापकरांना दिसलं माझ्या तोंडावर. ते म्हणाले, 'तसं कुणी म्हणणार न्हाई. मी हाय ना.' मग करवत मागितली. आम्ही दोघांनी बसून आठही शेपटं कापली. ते धरायचे, मी कापायचो. जाताना म्हणाले, 'गड्या, दुश्मन सुंदर करायचा नसतो. जसा हाय तसा करायचा.'"

जाळीपलीकडं कुणाचं तरी पोर तोफेचं चाक फिरवत होतं. इम्तियाजभाई म्हणाले, "रात्री झोप लागायची नाही. ती एकवीस पोरं दिसायची, घोंगडीवर उताणी. कुणाला सांगितलं नाही. तुझ्या नानीलासुद्धा नाही. कुणी विषय काढला की आधी मी जनरलला आणायचो."

"जनरल आला नव्हता?"

"भापकर आले होते. सायकलवर."

"आणि चारशे विमानं?"

"चौदा नमुने. आठ आठ."

"एकशे बारा," सुहाना म्हणाली. तिनं नाक ओढलं. "नाना, ही गोष्ट तुम्ही मला कधीच सांगितली नाही."

"ही कुठली गोष्ट! ही माझी चूक आहे."

सुहाना त्यांच्याकडं बघत राहिली. सगळ्या गोष्टींत नाना जिंकायचे, सगळ्यांत साहेब लोक त्यांच्या पाठीवर थाप मारायचे, आणि म्हणूनच तिला कळत्या वयापासून त्यांतली एकही खरी वाटली नव्हती. स्वतःची फजिती कुणी मनानं रचत नाही. शेपूट लावल्याची तर नाहीच. माळ्यावर बसून, साहेबाची अब्रू राखायला, पाखराला शेपूट लावणारा माणूस तिला स्वच्छ दिसत होता, आणि तो नानांसारखाच दिसत होता.

ती उठली. "चला."

"घरी?"

"नाही. तुमच्या विमानांची नावं काय आहेत ते विचारायला. सत्तेचाळीस वर्षं नंबरावर भागवलंत, पुरे झालं."

जेवणाची वेळ होती, तंबूतली रांग ओसरली होती. सूरज डबा उघडायच्या बेतात होता. सुहानानं त्याला सगळं सांगितलं, भराभरा, शेपटासकट. सूरजनं डबा बंद केला आणि खुर्ची पुढं सरकवली. या वेळी शिष्टाचार म्हणून नाही. म्हणाला, "आमचे उस्ताद सांगायचे, त्यांच्या उस्तादांच्या वेळी लाकडाची विमानं होती म्हणून. आम्हाला वाटायचं, असंच सांगतात."

"असंच वाटतं," सुहाना म्हणाली.

मग पडद्यावर सावल्या येत गेल्या. या वेळी सूरज त्या पुसत नव्हता, थांबवून ठेवत होता. इम्तियाजभाई नंबर सांगायचे, सूरज नाव सांगायचा, सुहाना मोबाइलमध्ये टिपून घ्यायची. पाच, हंटर. अकरा, कॅनबेरा. दोन, नॅट. प्रत्येक नाव इम्तियाजभाई एकदा हळूच म्हणून बघायचे. बारशाला आल्यासारखे दिसत होते.

आणि ती तिकोनी सावली आली.

"नऊ," इम्तियाजभाई म्हणाले. या वेळी मान वळवली नाही.

"मिराज," सूरज म्हणाला.

"दुश्मनाचं."

"कोण म्हणालं, आजोबा? आपलं आहे."

इम्तियाजभाई खुर्चीतून अर्धवट उठले. "अरे, नीट बघ. शेपूट कुठाय त्याला?"

"मिराजला शेपूट नसतंच. तुमच्या वेळी होतं ते जुनं, सरहद्दीपलीकडं. त्याच घराण्यातलं नवं आपण घेतलं पंच्याऐंशी साली. चाळीस वर्षं झाली. आता ही सावली दिसली तर आम्ही आपलंच म्हणायचं."

सुहानानं बोटांवर वर्षं मोजली. मग तिला हसू फुटलं. "नाना, म्हणजे ती एकवीस पोरं चुकली नव्हती. सहा वर्षं आधी बरोबर होती नुसती!"

इम्तियाजभाई धपकन खुर्चीत बसले. मग असे हसले की खोकला लागला, सूरजला पाणी आणावं लागलं. डोळे पुसत म्हणाले, "भापकर हवे होते आज. हे ऐकायला भापकर हवे होते." आणि मग बराच वेळ त्या थांबवून ठेवलेल्या सावलीकडं बघत राहिले. हवेत त्यांचा अंगठा आपोआप तिच्या कडेनं फिरत होता.

परतताना रिक्षा गोळीबार मैदानाच्या सिग्नलला अडकली. पुढं गाड्यांचा ढीग. सुहानानं फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला.

"शहाबाज, ऐक. मागच्या शनिवारी मी तुझ्या अम्मी-अब्बांसमोर म्हणाले ना, नानांच्या गोष्टी मनावर घेऊ नका? ते चुकलं माझं. विमानं त्यांनी केली होती. एकशे बारा. हे तू घरी सांग, माझं नाव घेऊन सांग. आणि त्यात नऊ नंबरला त्यांनी शेपूट लावलं होतं."

पलीकडून शहाबाजचा आवाज आला. "शेपूट? का पण? मग पुढं काय झालं?"

सुहानानं फोन इम्तियाजभाईंच्या हातात दिला. "घ्या. पुढं काय झालं विचारतोय."

इम्तियाजभाईंनी फोन उलटा धरला, मग सुलटा केला. घसा साफ केला. डोक्यावरची रोजची टोपी नीट बसवली, जणू शहाबाज समोरच बसलाय.

"वेळ आहे ना रे तुला?" त्यांनी विचारलं.

"आहे, नाना."

रिक्षावाल्यानं मागं न बघता रिक्षाचं इंजिन बंद केलं. "जरा मोठ्यानं सांगा, आजोबा. तीन सिग्नल तरी हलत नाही आपण."